काम झालं, बिल अडकलं: पोट-गुत्तेदाराने पैसे कसे काढावेत

मराठवाड्यात टेंडर एकाच्या नावावर असतं आणि चर खोदणारा, पाइप टाकणारा, सेंट्रिंग ठोकणारा दुसराच असतो. व्यवहार बहुतेक वेळा तोंडी असतो. पैसे मागितले की नोंदणीकृत गुत्तेदाराचं उत्तर ठरलेलं असतं: 'वरून बिल निघालं की देतो.' त्या भरवशावर वर्ष निघून जातं. कायद्याचं घड्याळ मात्र काम संपलं त्या दिवशीच सुरू झालेलं असतं. पैसे देण्याची तारीख ठरली नसेल, तर काम संपल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लागला पाहिजे. काम 10 मे 2024 ला संपलं असेल तर 10 मे 2027 ही शेवटची तारीख. तोंडी वायद्याने ही मुदत वाढत नाही. मुदत संपण्याआधी गुत्तेदाराने 'इतकी रक्कम देणे आहे' असं लिहून सही केली, तर त्या दिवसापासून नव्याने तीन वर्षं मिळतात. म्हणून थोडेफार पैसे मिळाले तरी बाकीचा आकडा कागदावर घेऊन सही घ्या.

आधी मोजमाप, मग भांडण

वाद 'पैसे देणार की नाही' यावर क्वचितच होतो. तो होतो 'काम किती झालं' यावर. पाइपलाइनच्या कामात तर हमखास. चर एकदा बुजवला की खोली मोजता येत नाही आणि खाली काय लागलं तेही दिसत नाही. आपल्याकडे वर काळी माती, त्याखाली मुरूम आणि मग काळा पाषाण. तिन्हींचे दर वेगळे. पोट-गुत्तेदाराने ब्रेकर लावून खडक फोडलेला असतो आणि बिलात सगळं 'मुरूम' म्हणून धरलं जातं.

त्यामुळे चर बुजवण्याआधी दर 30 मीटरला टेप आत सोडून फोटो काढा. टेपवरचा आकडा आणि चराची कड दोन्ही दिसली पाहिजेत. तारीख आणि ठिकाण छापणारं कॅमेरा अ‍ॅप वापरा. साखळी क्रमांक (सुरुवातीपासूनचं अंतर), लांबी, रुंदी, खोली आणि थर असे रकाने आखलेल्या वहीत रोज संध्याकाळी साइट सुपरवायझरची सही घ्या. तो सही टाळत असेल तर त्या पानाचा फोटो त्याच दिवशी गुत्तेदाराला व्हॉट्सअ‍ॅप करा.

काम संपून गेलं असेल आणि वहीच नसेल, तरी पुरावा सापडतो. डिझेलच्या पावत्या, जेसीबीचे तास, मजुरांचं मस्टर, उचल जमा झालेलं बँक खातं हे सगळं गोळा करा. शिवाय फॉर्म 26एएस, म्हणजे तुमच्या नावावर कापलेला कर (टीडीएस) दाखवणारं प्राप्तिकर खात्याचं पत्रक, उघडून बघा. गुत्तेदाराने तुमच्या नावावर टीडीएस भरला असेल तर त्याने तुमचं बिल स्वतःच्या हिशेबात धरलं आहे. 'हा माणूस माझ्याकडे कामालाच नव्हता' असं नंतर त्याला म्हणता येत नाही.

हिशेब एका पानावर

नमुन्यादाखल, मजुरी दराने पाइप टाकण्याचं काम 2,400 मीटर, दर 85 रुपये. एकूण 2,04,000. त्यातून उचल 60,000, गुत्तेदाराने भरलेलं डिझेल 18,500, अनामत 5 टक्के म्हणजे 10,200 आणि टीडीएस 1 टक्का म्हणजे 2,040 वजा करा. येणं 1,13,260. अनामत कधी परत मिळायची ते खाली वेगळ्या ओळीत लिहा, नाहीतर ती विसरली जाते. उचल लपवू नका. कोर्टात एक उचल लपवलेली निघाली की उरलेल्या खऱ्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

'वरून बिल आलं नाही' हे तपासता येतं

काम जिल्हा परिषदेचं, सार्वजनिक बांधकाम विभागाचं किंवा नगरपालिकेचं असेल तर माहिती अधिकारात अर्ज टाका. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. अर्जात 'का' विचारू नका, कागद मागा: कार्यारंभ आदेश, प्रत्येक रनिंग बिलाची (काम चालू असताना टप्प्याटप्प्याने निघणाऱ्या बिलाची) रक्कम आणि ती अदा केल्याची तारीख, मोजमाप पुस्तिकेच्या (एमबी) संबंधित पानांच्या प्रती. तुमच्या लांबीचं बिल गुत्तेदाराने उचललं आहे असं त्यात दिसलं, तर त्याच्या सबबीत दम उरत नाही. एमबीतला थर तुमच्या वहीशी ताडून पाहा. वर 'कठीण खडक' म्हणून पैसे घेऊन खाली 'मुरूम' दाखवलेला कधी कधी इथेच उघडा पडतो.

मात्र खात्याकडे स्वतःचे पैसे मागू नका. खात्याचा करार गुत्तेदाराशी आहे, तुमच्याशी नाही. परवानगीशिवाय काम पोटाला देऊ नये अशी अट टेंडरमध्ये असते, त्यामुळे अधिकारी तुम्हाला ओळखही दाखवत नाहीत. कार्यकारी अभियंत्याला अर्जाची प्रत दिली तर गुत्तेदारावर दबाव येतो, वसुली होत नाही. मजुरांची थकलेली मजुरी ही बाब वेगळी, तिथे कामगार कार्यालयात जाता येतं.

नोटीस

वकिलामार्फत दिलेली बरी. तीत कामाचं नाव, ठिकाण, सुरू-शेवटची तारीख, परिमाण, दर, मिळालेली रक्कम, बाकी आणि 15 दिवसांची मुदत हवी. 'या तारखेपासून व्याज घेतलं जाईल' हे वाक्य विसरू नका. लेखी करारात व्याज नसलं तरी लेखी मागणीच्या तारखेपासून व्याज मागता येतं. नोटीस पोचपावतीसह स्पीड पोस्टाने, गुत्तेदाराच्या घरच्या आणि फर्मच्या अशा दोन्ही पत्त्यांवर पाठवा. घेतली नाही तर परत आलेलं पाकीट न फोडता ठेवा.

तुम्ही जीएसटीत नोंदलेले असाल तर आणखी एक दुखरी नस आहे. बिलाचे पैसे 180 दिवसांत दिले नाहीत, तर गुत्तेदाराला त्या बिलावर घेतलेलं इनपुट क्रेडिट (तुमच्या बिलातल्या जीएसटीची मिळालेली वजावट) व्याजासह परत करावं लागतं. नोटिशीत बिल क्रमांकासह हे लिहा. पुष्कळदा पहिला फोन गुत्तेदाराच्या सीएचा येतो.

चेक दिलेला असेल तर

इथे एकेक दिवस मोजा. चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांत भरा. परत आल्याची बँकेची माहिती मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस, ती पोहोचल्यावर पैसे देण्यासाठी 15 दिवस आणि ते संपल्यावर एका महिन्यात चेक न वटल्याबद्दलची, परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम 138 ची फिर्याद. तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात ती चालते, म्हणजे पुण्या-मुंबईच्या गुत्तेदारालाही परभणीला यावं लागतं. 'पुन्हा टाका, या वेळी पास होईल' असं तीनदा ऐकण्यात मुदत निघून जाते, आणि सगळ्यात जास्त प्रकरणं इथेच बुडतात.

कोर्टाआधीची आणि कोर्टाची वाट

रक्कम तीन लाखांच्या खाली असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दाखलपूर्व अर्ज देऊन लोकअदालतीत ठेवता येतं. तिथल्या तडजोडीला हुकूमनाम्याची ताकद असते आणि त्यावर अपील नाही. तीन लाख किंवा जास्त असेल तर बांधकामाचा वाद व्यापारी वाद ठरतो. तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर आधी मध्यस्थी बंधनकारक आहे. ती टाळून थेट दावा लावला तर तो फेटाळला जातो. लेखी कार्यादेशात लवादाचं कलम असेल तर तिकडूनच जावं लागतं. सही करतानाच ते वाचा.

लेखी करार नाही म्हणून हातपाय गाळू नका. भारतीय करार कायद्याचं कलम 70 सांगतं की फुकट करण्याच्या हेतूने न केलेल्या कामाचा दुसऱ्याने लाभ घेतला, तर त्याला मोबदला द्यावा लागतो. व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. फोन बदलू नका, चॅट पुसू नका.

उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्यांना थकलेल्या बिलांसाठी सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेचा रस्ता सांगितला जातो. तिथे व्याज घसघशीत मिळतं, रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट आणि दरमहा चक्रवाढ. अडचण अशी की माल आणि मजुरी एकत्र असलेली बांधकामाची कंत्राटं या परिषदेमागच्या कायद्यात बसत नाहीत, असं मुंबई उच्च न्यायालयाने काही निकालांत म्हटलं आहे. निव्वळ मजुरीचं किंवा निव्वळ पुरवठ्याचं बिल असेल तर बाजू बळकट राहते. नोंदणीही कामाआधीची हवी, भांडण लागल्यावर काढलेली उपयोगी पडत नाही.

पोलीस ठाण्यात 'हा दिवाणी वाद आहे' हेच ऐकायला मिळेल, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. साइटला कुलूप लावणं, मशीन अडवून ठेवणं, टाकलेला पाइप उखडणं यातलं काहीही करू नका. एक लाखाच्या येण्यासाठी खंडणीचा किंवा नुकसानीचा गुन्हा अंगावर आला, की मग तडजोडीच्या टेबलावर गुत्तेदार आधी तो गुन्हा मांडतो आणि तुमचं बिल शेवटी.