तरुण संघात सीमाप्रश्न निघाला, तर कसं बोलायचं

"आपण ख्रिस्ती माणसं, आपल्यात राजकारण नको," असं म्हणून विषय बंद करू नका. ज्याला दुखलंय त्याचंच तोंड त्यानं बंद होतं, आणि बाकीच्यांना वाटतं की शांती झाली.

मी खानापूरची. बेळगावात आमच्या मंडळीच्या तरुण संघात मराठी आणि कन्नड दोन्ही घरांतली मुलं आहेत, उपासनेत बायबल दोन्ही भाषांत वाचलं जातं. एक नोव्हेंबर आला की ग्रुपवर कुणी कर्नाटकाचा लाल-पिवळा झेंडा टाकतं, कुणी काळी फीत. 1956 च्या राज्य पुनर्रचनेपासून एकाच्या घरात तो राज्योत्सव, दुसऱ्याच्या घरात काळा दिवस. दोघंही दुसऱ्या रविवारी प्रभुभोजनात एकाच पेल्यातून घेणार असतात. म्हणून ग्रुपवर उत्तर देऊ नका. त्या दोघांना फोन करा, आणि आठवड्याच्या आत समोरासमोर बसवा.

बसल्यावर बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये 6 वाचा. मंडळीतलं भाषेवरून झालेलं पहिलं भांडण तिथं आहे. ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार होती की रोजच्या वाटणीत आमच्या विधवांना डावललं जातं. प्रेषितांनी त्यांना "प्रीतीनं राहा" एवढंच सांगून परत पाठवलं नाही. सात माणसं निवडली गेली, आणि सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हाती वाटणी गेली, असं मला त्यातून दिसतं. आमच्याकडं हेच करून बघा: नाताळात घरोघरी गाणी म्हणायला जाताना कुठल्या भाषेतलं गाणं आधी, सूचना कुठल्या भाषेत, शब्बाथशाळेच्या पोरांना कोण शिकवणार, ही यादी ज्याला डावलल्यासारखं वाटतं त्याला करू द्या. सीमाप्रश्न तुमच्यानं सुटणार नाही. महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. पण गाण्यांची यादी तुमच्या हातात आहे.

बोलताना दोघांनाही सांगा की येशूनं मत्तय जकातदार आणि शिमोन जिलोत या दोघांनाही बारा शिष्यांत घेतलं. एक रोमी सत्तेच्या व्यवस्थेत पैसे गोळा करणारा, दुसऱ्याचं नावच त्या सत्तेला विरोध करणाऱ्यांशी जोडलेलं. मतं सोडून या, अशी अट तिथं दिसत नाही.

मिशनचा, म्हणजे गावात जाऊन ख्रिस्ताविषयी सांगण्याचा, वाद याहून नाजूक. कर्नाटकाचं धर्मांतरविरोधी विधेयक डिसेंबर 2021 मध्ये इथंच, सुवर्ण विधानसौधमध्ये विधानसभेत मंजूर झालं, 2022 मध्ये कायदा झाला. जबरदस्ती, फसवणूक, लालूच दाखवून धर्मांतर केल्यास तीन ते पाच वर्षं शिक्षा आणि 25,000 रुपये दंड अशी तरतूद त्यात होती. धर्म बदलणाऱ्यानं 30 दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं होतं. जून 2023 मध्ये नव्या मंत्रिमंडळानं तो रद्द करायचं ठरवलं. गावात सेवेला निघण्याआधी सध्या काय लागू आहे, ते वकिलाकडून समजून घ्या. संविधानाचं कलम 25 प्रचाराचा हक्क देतं. पण 1977 च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात न्यायालय म्हणालं की दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. हे दोन्ही मुलांना माहीत असू द्या, भीती आणि बढाई दोन्ही कमी होतात.

माझा स्वतःचा आग्रह एकच: वह्या, चादरी, औषधं वाटायची असतील त्या दिवशी प्रार्थनासभा ठेवू नका. कुणीतरी याकोबाचं पत्र काढेल, की भुकेल्याला जेवण न देता नुसता आशीर्वाद कसला. खरं आहे, जेवण द्याच. पण वही घेणाऱ्या आईला "आता सभेला बसावं लागेल" असं एक क्षणही वाटता कामा नये. तिचा "हो" आणि तिचा "नाही" दोन्ही मोकळे राहिले पाहिजेत. पैसा आणि श्रद्धा यांची गाठ आपल्याच माणसांना पूर्वी खुपली आहे. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा संघ उभा केला. 1820 मध्ये लंडन मिशन बेळगावात आलं, त्याचे उपकार आम्ही मानतो. तरी त्यांची प्रत्येक पद्धत पवित्र मानायला नको.

वाद घालताना आधी ठरवा की तो कशाचा आहे. ख्रिस्त मेला आणि उठला, यावर मतभेद असेल तर पाळकांकडं जा, वेळ घ्या. मत कुणाला द्यायचं, यावर असेल तर वचनाचा शिक्का मारून बोलू नका. "बायबल सांगतं" आणि "मला वाटतं" यांतला फरक आवाजात ऐकू आला पाहिजे. वडीलधाऱ्यांशी बोलायचं असेल तर सभेत उभं राहून नको, त्यांच्या घरी जा. काका, मावशी म्हणून बसलं की माणूस ऐकतो.

एवढं करूनही जमलं नाही, तर दोन गट वेगवेगळ्या गावांत जाऊ देत. मार्काला प्रवासात सोबत न्यायचं की नाही, यावरून प्रेषित पौल आणि बर्णबा असेच वेगळे झाले होते. पुढं त्याच मार्काला पौलानं बोलावून घेतलं. फक्त प्रभुभोजनाची वेळ दोन्ही गटांसाठी एकच ठेवा, आणि ती तारीख आधीच दोघांनाही कळवा.