रत्नागिरीचे साडेचार लाख लोक गेले कुठे? जुन्या जनगणनांतून जिल्ह्याचे आकडे कसे काढावेत

"आधी भरपूर वाच, विषय आपोआप सुचेल," असं सांगणाऱ्यांनी जनगणनेचा खंड बहुधा कधी उघडलेला नसतो. उलट करा. कोऱ्या कागदावर तक्ता आखा, डावीकडे जनगणनेची वर्षं आणि वर हवे ते रकाने. ग्रंथालयात जायचं ते एवढे रकाने भरायला.

लोकसंख्येवरची पुस्तकं ड्यूई वर्गीकरणात 304.6 ला सापडतात. जनगणनेचे खंड मात्र बहुतेक ठिकाणी सरकारी प्रकाशनांच्या कपाटात असतात, आणि ते कपाट अनेकदा कुलूपबंद असतं. ग्रंथपालांना "लोकसंख्येवर काही आहे का?" असं विचारलंत तर एखादं पाठ्यपुस्तक हाती पडेल. "रत्नागिरीची जिल्हा जनगणना पुस्तिका, 1971" असं नेमकं मागा. या पुस्तिका 1951 पासून निघू लागल्या. गावागावाचे आकडे त्यांत मिळतात.

खंड तात्पुरत्या आकड्यांचा नाही ना, हे मुखपृष्ठावरच बघा. 2011 ला देशाची तात्पुरती लोकसंख्या 121 कोटी 1 लाख 93 हजार जाहीर झाली होती. अंतिम आकडा त्याहून साडेसहा लाखांनी मोठा निघाला.

आता हद्दींचं दुखणं. इथे मी स्वतः तोंडघशी पडलोय.

मला रत्नागिरीची वाढ काढायची होती. 1981 चा खंड बांधणीला गेला होता, म्हणून 1971 आणि 1991 चे दोन आकडे शेजारी मांडले. 1971 ला जवळजवळ 20 लाख, 1991 ला 15 लाख 44 हजार. मला तर लॉटरीच लागली! कोकणातला माणूस मुंबईला कसा गेला, यावर मी दोन पानं खरडली. मार्गदर्शकांनी ती वाचली आणि एवढंच विचारलं, "सिंधुदुर्ग कुठाय?"

1 मे 1981 ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला. त्याचे 1991 चे 8 लाख 32 हजार मिळवले की बेरीज पावणेचोवीस लाखांच्या पुढे जाते. माझे साडेचार लाख लोक कुठेही गेले नव्हते, उलट वाढले होते.

म्हणून जिल्ह्याचं नाव तेच दिसलं तरी जिल्हा तोच आहे असं धरून चालू नका. एकूण लोकसंख्येपुरतं काम सोपं आहे. सर्वसाधारण लोकसंख्या तक्त्यांतला ए-2 काढा. त्यात 1901 पासूनचे सगळे आकडे, ज्या जनगणनेचा तो खंड असेल तिच्या वेळच्या हद्दींशी जुळवून दिलेले असतात. अख्खी मालिका त्या एकाच खंडातून उचला. चार आकडे इथले आणि दोन जुन्या मूळ खंडातले, अशी खिचडी केलीत की संपलं.

वयोगट, साक्षरता, कामगार यांना ए-2 चा उपयोग नाही. तिथे नवे जिल्हे जोडून जुना जिल्हा उभा करावा लागतो: लातूर अधिक उस्मानाबाद, गडचिरोली अधिक चंद्रपूर. पण आंधळेपणाने नाही. जालना बनला औरंगाबादच्या तालुक्यांतून, आणि शिवाय परभणीचा परतूर त्यात आला. अशा वेळी तालुक्यापर्यंत उतरण्याला पर्याय नाही. 2011 च्या ठाण्याच्या आकड्यात पालघर धरलेला आहे, कारण तो जिल्हा 2014 चा.

जोडताना माणसं जोडा, टक्केवारी नव्हे. दोन जिल्ह्यांच्या साक्षरतेची सरासरी काढणारे मी इतके पाहिलेत की आता रागही येत नाही. साक्षर जोडा, लोकसंख्या जोडा, मग भागा. भागताना छेदही बघा: 1991 पासून साक्षरतेचा दर 7 वर्षं आणि त्यावरच्या लोकसंख्येवर काढतात.

स्त्री कामगारांचे 1961 आणि 1971 चे आकडे एका रेघेत आणूच नका. मध्ये व्याख्या बदलली आणि लाखो बायका कागदावरून गळाल्या. त्या घरी बसल्या नव्हत्या.

प्रत्येक आकड्यापुढे खंड, तक्ता क्रमांक आणि पान लिहा. तक्त्याचा फोटो काढाल तेव्हा खालची बारीक टाइपातली टीप चौकटीत येऊ द्या. परतूर कुठून कुठे गेला हे तिथेच लिहिलेलं असतं.