नवीन पीसी वाजतोय, नाहीतर काहीतरी नीट बसत नाहीये? नवे फॅन मागवायच्या आधी हे बघा

पीसी जोडला, पहिल्या झटक्यात चालू झाला, विंडोज पडलं, सगळं झ्याक, आणि मग रात्री घर शांत झालं की लक्षात येतं अरे हा तर नुसता वाजतोय. आमच्या सांगली-मिरजेकडं पार्ट ऑनलाईन मागवून घरच्या घरी जोडणारी पोरं आता भरपूर झालीत, आणि आवाज आला की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो की कुठले फॅन घेऊ. माझं म्हणणं एवढंच की नव्या पीसीत आवाज येतो तो बहुतेक वेळा पार्ट खराब आहे म्हणून नाही, तर काहीतरी पूर्ण बसलेलं नसतं किंवा बायोसमधली (पीसी चालू होताना विंडोजच्या आधी उघडता येतो तो मदरबोर्डचा सेटिंगचा मेनू) फॅनची सेटिंग कंपनीतून आली तशीच पडलेली असते. आवाज आणि फिटिंग ह्या दोन तक्रारी वेगळ्या धरूच नका, एकीचा पाठलाग केला की दुसरी सापडते.

मिरजेतल्या भाच्याचा फोन आला, मामा पीसी लई वाजतोय. म्हटलं कसा वाजतोय, तर म्हणे वाजतोय म्हणजे वाजतोयच की. आता ह्यावर कोण काय सांगणार? सूं असा वाऱ्याचा आवाज आहे का, घरघर आहे, टकटक आहे, चीं असा बारीक आहे, भण्ण असा जाड आहे का पत्रा खडखडतोय, हे आधी ठरवा कारण प्रत्येकाचं घराणं वेगळं आहे. रात्री बसा, छताचा पंखा बंद करा (मे महिन्यात सांगलीत हे सांगणं सोपं आहे, करणं नाही), शेजारच्या खोलीतला फ्रीज थांबेपर्यंत वाट बघा, साईड पॅनेल काढा आणि पेपरची गुंडाळी करून एक टोक कानाला, दुसरं आतल्या एकेका पार्टजवळ न्या, फक्त फिरत्या पात्यात घालू नका. दुसरी युक्ती म्हणजे बायोसमधे जाऊन एकेका फॅनचा स्पीड खाली-वर करायचा, बाकीचे कमीत कमी ठेवायचे, कोणता बोलतोय ते लगेच कळतं. तरी नाही कळलं तर पीसी बंद करून कॅबिनेटच्या एकाच फॅनची पिन काढा आणि परत चालू करून ऐका. प्रोसेसरच्या फॅनची पिन मात्र काढून बघायची नाही.

सूं हा आवाज सगळ्यात जास्त येतो. त्यात बघायचं की तो सतत आहे का दर थोड्या वेळाने वर जाऊन खाली येतो. सतत असेल तर पिना मोजा. तीन पिनचा फॅन व्होल्टेज कमी-जास्त केलं की हळू-जोरात होतो, चार पिनचा पीडब्ल्यूएम सिग्नलवर, म्हणजे चौथ्या पिनवरून येणाऱ्या झटपट चालू-बंद इशाऱ्यावर. तीन पिनचा फॅन लावलाय आणि बायोसमधे त्या हेडरला (मदरबोर्डवरची फॅन लावायची जागा) पीडब्ल्यूएम मोड दिलाय असं असेल तर तो कायम फुल्ल स्पीडनेच पळणार, तिथं डीसी मोड (व्होल्टेजने स्पीड बदलणारा) करा, संपला विषय. काही स्वस्त कॅबिनेटचे फॅन तर मदरबोर्डला लागतच नाहीत, मोलेक्स पिनवर थेट १२ व्होल्ट घेतात, ते कुठल्याच सेटिंगला जुमानत नाहीत.

वर-खाली होणारा सूं असेल, म्हणजे ब्राउझर उघडला की भुर्र आणि परत गप्प, तर फॅन कर्व्ह बघा, म्हणजे किती तापमानाला फॅन किती जोरात पळायचा ही बायोसमधली आखणी. आताचे प्रोसेसर एका क्षणात १५-२० डिग्री वर उडी मारतात आणि लगेच खाली येतात, फॅन बिचारा त्यांच्या मागं धावत बसतो. साधारण ६०-६५ डिग्रीपर्यंत फॅन एकाच कमी स्पीडवर सपाट ठेवा, पुढं हळूहळू चढवा, आणि स्टेप अप टाइम किंवा डिले (स्पीड वाढवायच्या आधी फॅनने थांबायचा वेळ) असं काही दिसलं तर ते वाढवा. ८० डिग्री दिसलं की लगेच घाबरायचं कारण नाही, रायझेन ७००० मालिकेचे बरेच प्रोसेसर ९५ डिग्रीपर्यंत चालायला बनवलेत, इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरची मर्यादा १०० च्या आसपास आहे. आणि उन्हाळ्यात खोलीच ३६-३८ डिग्रीवर असताना प्रोसेसर तिसावर कसा राहील, यूट्यूबवर थंड हवेतला माणूस दाखवतो ते आकडे आपल्याकडं धरायचे नाहीत. स्पीड कमी करायला मात्र कचरू नका, फॅनचा स्पीड निम्म्यावर आणला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, आणि तापमान त्या मानाने थोडंच चढतं.

आता भाच्याकडं परत. बायोस उघडायला लावलं, काहीही चालू नसताना प्रोसेसर ९० च्या वर. हे मात्र फॅन कर्व्हचं काम नाही, कूलर बसलेला नाही. त्याचा पुश पिनवाला बॉक्स कूलर होता, म्हणजे प्रोसेसरच्या खोक्यातच येणारा, चार कोपऱ्यांच्या प्लॅस्टिकच्या पिना दाबून बसवायचा. पॅनेल काढून कूलर हलवला तर एक कोपरा डुलत होता. वरून चारही पिना सारख्याच दाबलेल्या दिसत होत्या, पण मदरबोर्डच्या मागच्या बाजूने मोबाईलचा टॉर्च मारला तेव्हा तीन भोकांतून प्लॅस्टिकचे पाय पूर्ण बाहेर येऊन फाकलेले आणि चौथ्यातून नुसतं टोक डोकावत होतं. एवढ्याशा फटीमुळं कूलर प्रोसेसरवर सपाट बसत नाही, उष्णता वर जात नाही आणि फॅन जीव तोडून पळतो. असल्या पिना लावताना पिनच्या डोक्यावर बाण असतो, तो सोडवायची दिशा दाखवतो, म्हणजे बसवायच्या आधी बाणाच्या उलट फिरवून ठेवायचं, मग समोरासमोरच्या दोन पिना तिरक्या जोडीने दाबायच्या, प्रत्येकीचा टक् आवाज आलाच पाहिजे. शक्य असेल तर मदरबोर्ड कॅबिनेटमधे घालायच्या आधीच कूलर बसवा, मागून बघता येतं. आणि एकदा कूलर उचलला की जुनी थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडं नेणारा लेप) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची आणि नवीन लावायची, वाटाण्याएवढी बास, लोणी लावल्यासारखी थापायची नाही. नवा टॉवर कूलर (मनोऱ्यासारखा उंच) असेल तर बुडाला पारदर्शक स्टिकर असतो, तो काढलाय ना ते एकदा बघा, हसू नका, राहतो तो.

टकटक किंवा खर्र असा आवाज म्हणजे पात्याला काहीतरी घासतंय. केबल टायची कापलेली शेपटी, फ्रंट पॅनेलची बारीक वायर, ग्राफिक कार्डच्या खाली लोंबणारी एसएमपीएसची (पीसीला वीज पुरवणारा डबा) केबल, ह्यातलंच एक सापडतं. पीसी बंद करून पातं बोटाने हळू फिरवा, अडकतं तिथं बघा. काहीच घासत नाही आणि तरी घरघर आहे, फॅन आडवा-उभा केला की आवाज बदलतो, तर मग बेअरिंग गेलंय, हे बदलून घ्यायचं काम. कॅबिनेटच्या छताला किंवा बुडाला आडवा लावलेला स्लीव्ह बेअरिंगचा फॅन लवकर बोलायला लागतो, आडव्या जागी फ्लुइड डायनॅमिक किंवा बॉल बेअरिंगचा बरा.

चीं असा बारीक आवाज, गेम चालू केला की येतो, मेनूत तर अजून वाढतो, तो कॉइल व्हाइन. ग्राफिक कार्ड किंवा एसएमपीएसमधल्या कॉइल (तारेची वेटोळी) करंटच्या चढउताराने थरथरतात म्हणून तो येतो. त्याने काही जळत नाही आणि बऱ्याच कंपन्या त्याला बिघाड धरतही नाहीत. गेमच्या मेनूत काही वेळा फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं बनतात तो आकडा) हजाराच्या वर जातो, तो मॉनिटरच्या हर्ट्झएवढा, म्हणजे ६०, ७५, १४४ जे असेल त्यावर अडकवा, बरंच शांत होतं.

एसएमपीएसमधून गुण्ण असा आवाज आणि तोही फक्त लाईट गेली की, तर इन्व्हर्टर बघा. घरातला जुना इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर एसएमपीएस गुणगुणतो, आणि एसएमपीएस ॲक्टिव्ह पीएफसीवाला (वीज नीट ओढणारं सर्किट असलेला) असेल तर कधीकधी लाईट जाताक्षणी बंदच पडतो. पीसी प्युअर साइन वेव्हच्या (लाईटच्या वायरीतल्यासारखी वीज देणाऱ्या) इन्व्हर्टरवरच चालवा. एसएमपीएस उघडून आत बघायचा मोह मात्र टाळा, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमधे झटका देण्याएवढा चार्ज राहतो. त्याच ओघात, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर तो पीसीचा दोष नाही, भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग नाहीये. जुन्या वाड्यात हे फार आहे. इलेक्ट्रिशियन बोलवा. हेडफोनमधे माउस हलवला की चिर्र येतं त्यातही पुष्कळदा हेच असतं, नाहीतर पुढचा ऑडिओ जॅक सोडून मागचा वापरून बघा.

भण्ण असा जाड आवाज जुनी हार्ड डिस्क नव्या पीसीत घातली की येतो. ७२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२० फेरे, तो थरथराट पत्र्यात उतरतो आणि तंबोऱ्याचा भोपळा तारेचा आवाज मोठा करतो तसं टेबल आणि त्याला चिकटलेलं लोखंडी कपाट त्याला मोठं करतं. आधी कॅबिनेट भिंतीपासून, कपाटापासून हाताच्या अंतरावर सरकवा, खाली रबराचे पाय आहेत का बघा, मगच आत हात घाला. जमिनीवर ठेवलं तर आवाज कमी येतो पण धूळ जास्त खातो, आणि २०१९ चा पूर बघितलेल्या घरात कॅबिनेट खाली ठेवा म्हटलं की आईच आधी नाही म्हणते, ते बरोबरही आहे. वाँव-वाँव असा लाटेसारखा आवाज येत असेल तर दोन फॅन जवळजवळ एकाच स्पीडने फिरतायत, एकाचा स्पीड थोडा बदलला की थांबतो. हार्ड डिस्कमधून ठरावीक अंतराने कट्-कट् येत असेल तर बाकी सगळं सोडा आणि आधी बॅकअप घ्या.

लिक्विड कूलरमधे सुरुवातीला खळखळ येते, हवेचे बुडबुडे असतात, जातात. जातच नसेल तर रेडिएटरची जागा बघा, पंप हा सगळ्यात उंच जागी येता कामा नये, रेडिएटरचं वरचं टोक त्याच्या वर पाहिजे.

फिटिंगमधे सगळ्यात जास्त डोकं खातं ते ग्राफिक कार्ड स्लॉटमधे न बसणं. कार्डाला दोष द्यायच्या आधी मदरबोर्ड बघा, मागची आयओ शिल्ड (पोर्टच्या भोकांची पत्र्याची पट्टी) पूर्ण टक् करून बसली नसेल तर अख्खा बोर्ड दोन मिलिमीटर आत सरकतो, मग स्क्रूची भोकं जुळत नाहीत आणि कार्डाची पट्टी मागच्या फटीत अडते. सगळे स्क्रू ढिले करा, बोर्ड शिल्डकडं दाबून धरा, मधला स्क्रू आधी, मग कोपरे, आवळायचं सगळ्यात शेवटी. शिल्डची पत्र्याची जीभ लॅन किंवा यूएसबी पोर्टच्या आत गेली नाही ना तेही तेव्हाच बघून घ्या. बोर्डाखाली जिथं भोक नाही तिथं स्टँडऑफ (बोर्डाला पत्र्यापासून वर धरणारी धातूची खुंटी) राहिला असेल तर तो काढा, शॉर्ट होतो. स्क्रू दोन जातीचे असतात, बारीक आट्याचे एम३ आणि जाड आट्याचे ६-३२, हाताने दोन-तीन आटे सहज गेले नाहीत तर तो स्क्रू त्या भोकाचा नाही, जोर लावू नका.

एसएमपीएसची आठ पिनची प्रोसेसरची केबल आणि ग्राफिक कार्डची केबल दिसायला बहिणी-बहिणी आहेत पण एकमेकींच्या जागी चालत नाहीत, बसत नाही म्हणजे चुकीचीच लावताय. मॉड्युलर (एसएमपीएसमधून सुटी निघणारी) केबल तर दुसऱ्या एसएमपीएसची कधीच लावू नका, टोक बसलं तरी आतली पिनांची मांडणी वेगळी असू शकते. नव्या कार्डांचा १६ पिनचा कनेक्टर शेवटपर्यंत आत गेलाय, मधे फट दिसत नाही, आणि वायर तोंडाजवळच वाकवलेली नाही हे डोळ्यांनी बघा, अर्धवट बसला तर तो गरम होऊन वितळू शकतो.

रॅम उंच असेल आणि टॉवर कूलरचा फॅन त्यावर टेकत असेल तर फॅन थोडा वर सरकवून क्लिप लावा, फक्त त्याने वाढलेली उंची साईड पॅनेलला लागत नाही ना बघा, बऱ्याच कॅबिनेटमधे कूलरला १५५ ते १६५ मिलिमीटर एवढीच जागा असते. मदरबोर्डच्या मागच्या बाजूचं साईड पॅनेल लागत नसेल तर २४ पिनची जाड केबल पसरून चपटी करा, गुडघ्याने दाबून लावू नका, तसं लावलेलं पॅनेल नंतर खडखडतं. काचेचं पॅनेल काढून ठेवायचं ते वाकळेवर, फरशीवर उभं टेकवलं आणि कोपरा लागला की टेम्पर्ड काचेचा क्षणात चुरा होतो.

हे सगळं करून आवाज तसाच राहिला तर मोबाईलवर व्हिडिओ काढा, त्यात फॅनचा स्पीड दाखवणारी स्क्रीन आणि आवाज दोन्ही येऊ द्या, आणि रिप्लेसमेंटची मुदत संपायच्या आत तक्रार टाका. तोवर खोके रद्दीत घालू नका, आणि खोक्यावरचा सिरियल नंबरचा स्टिकर तर अजिबात फाडू नका.