पाच महिने झाले, फ्लॅट जात नाही? या चुका टाळा

मुलुंड पूर्वेत घरांची दलाली करण्यात माझी बावीस वर्षं गेली. "गिऱ्हाईक येतं, बघतं, चहा पिऊन जातं. घराला काही दोष आहे का हो?" हा फोन महिन्यातून दोनदा तरी येतो. तोवर वास्तुशांत झालेली असते, दाराला लिंबू-मिरची लागलेली असते. घराच्या कागदांची फाइल मात्र कोणी उघडलेली नसते.

माझा पहिला प्रश्न ठरलेला: शेअर सर्टिफिकेट, म्हणजे सोसायटीनं सभासदाला दिलेला दाखला, कोणाच्या नावावर? "बाबांच्या. पण आम्ही नॉमिनी आहोत ना!" इथे माझं डोकं उठतं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मृत्युपत्र नसेल तर घर सगळ्या वारसांचं, लग्न होऊन गेलेल्या मुलीचंसुद्धा.

गव्हाणपाड्यातला एक वन बीएचके. तिसरा मजला, लिफ्ट नाही, पण उजेड भरपूर. विकणारे दोघे भाऊ. एका जोडप्याला घर आवडलं, लाखाचं टोकनही दिलं. बँकेच्या वकिलानं विचारलं, "वडिलांना मुलगी?" दोघे एकमेकांकडे बघायला लागले. बहीण नाशिकला. तिचं हक्कसोडपत्र, म्हणजे घरातला वाटा सोडल्याचा दस्त हवा, तोही नोंदणी केलेला. धाकटा म्हणाला, "ताई काय, आज सांगितलं तर उद्या सही करेल." ताईनं तीन महिने फोन उचलला नाही. शेवटी मीच नाशिक गाठलं. तिनं पोहे पुढे ठेवले आणि म्हणाली, "मला पैसे नकोच होते हो. पण घर विकतायत हे मला मावशीकडून कळावं?" सही केली तिनं. तोवर जोडप्यानं भांडुपला घर घेतलं होतं आणि टोकनाच्या पैशातून थोरल्याकडे फ्रिज आला होता.

तेव्हापासून गिऱ्हाईक दाखवण्याआधी मी मालकाच्या हॉलमध्ये फरशीवर कागद मांडतो: बिल्डरच्या पहिल्या करारापासून प्रत्येक करार, इंडेक्स टू (नोंदलेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा), शेअर सर्टिफिकेट, ओसी (इमारतीत राहायला पालिकेनं दिलेला परवाना). मधला एखादा करार हरवला असेल तर पोलिसांत तक्रार, पेपरात जाहीर नोटीस, निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत. यात आठवडे जातात. "आधी गिऱ्हाईक आणा, मग बघू" म्हणणाऱ्यांचं काम मी आता घेत नाही.

दुसरं दुखणं किमतीचं. "बी विंगमधला दीड कोटीला गेला!" गेला की सांगितला? त्याला पार्किंग होतं का? नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्चमध्ये इंडेक्स टू दिसतो, तो बघा. जिन्यातल्या गप्पांवर भाव ठरवू नका. शिवाय दीड कोटीवर घेणाऱ्याला 6 टक्क्यांनी 9 लाख मुद्रांक शुल्क आणि 30,000 नोंदणी फी भरायची असते. बाई एकटीच्या नावावर घेत असेल तर शुल्क 5 टक्के. तो हे सगळं धरून हिशेब करतो, तुम्ही फक्त स्वतःचा आकडा धरून बसता.

"साडेसहाशे फूट" सांगू नका. तो सुपर बिल्टअप असतो, म्हणजे जिना, लॉबीचा वाटा धरून. गिऱ्हाईक टेप घेऊन येतं, कार्पेट, म्हणजे घरातली वापरायची जागा, चारशे भरते, आणि मग तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही त्याचा विश्वास बसत नाही. मी आधीच भिंत ते भिंत मोजतो.

चार एजंटांना चार भाव सांगणं: गिऱ्हाईक चौघांनाही फोन करतं. ओल आलेल्या भिंतीवर मे महिन्यात रंग: जूनमध्ये पोपडे धरतात. करारात न दाखवता वर रोख मागणं: कर्ज करारातल्या रकमेवर मिळतं, त्यामुळे नोकरदार गिऱ्हाईक तिथेच उठतं. किल्ली शेजाऱ्यांकडे आणि शेजारी गावाला: काय बोलणार!

पितृपक्षात कोणी टोकन देत नाही, म्हणून लोक हात बांधून बसतात. माझे ते पंधरा दिवस वारसांच्या सह्या गोळा करण्यात जातात. श्राद्धाला सगळी भावंडं एका घरात सापडतात.