पहिल्या बर्फात ट्रेकला निघताय? या चुका टाळा

नोव्हेंबर उजाडला की साताऱ्यातल्या ट्रेकच्या ग्रुपांमध्ये हिमालयाचे बेत सुरू होतात. रोज पहाटे अजिंक्यतारा चढणारी, वासोटा सहज करून येणारी ही मंडळी दमाला कुठेच कमी नसतात. चुकतात ती बर्फ ओळखायला.

‘अजून बर्फ कमीच आहे, काळजी नाही’ ही सगळ्यात घातक समजूत. पहिला बर्फ जेमतेम गुडघाभर असतो. खालची जमीन त्यामानाने उबदार, वर निरभ्र रात्रीचा कडाका. थर पातळ असल्याने तापमानातला हा फरक थोडक्या जाडीत एकवटतो आणि तळाचा बर्फ साखरेसारखा सुटा होतो. मुठीत आवळून बघा, गोळाच होत नाही. उत्तरेकडच्या सावलीतल्या उतारांवर तो आठवडेच्या आठवडे तसाच राहतो. मग पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारं बर्फाचं वादळी हवामान येतं, एका रात्रीत फूट-दोन फूट नवा बर्फ त्यावर बसतो. घसाऱ्यावर फरशी टेकवावी तशी ती अवस्था. एका माणसाच्या वजनानेही ती फरशी सुटू शकते.

दुसरी चूक आपल्या सह्याद्रीच्या सवयीची. इथे नाळेतून चढायची वाट असते, म्हणून तिथेही पाय आपोआप घळीकडे वळतात. बर्फात नाळ म्हणजे सापळा; वरून सुटलेलं सगळं तिथेच साचतं. झाडी असलेली, कमी उताराची सोंड धरा. हिमकडे बहुतेक करून 30 ते 45 अंशांच्या उतारावर सुटतात, आणि उतार मोजायला फोनमधलं ॲप पुरतं. पायाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज आला किंवा पावलापासून भेग पळत गेली, तर तिथूनच मागे फिरा. उत्तरकाशीत द्रौपदी का दांडावर 4 ऑक्टोबर 2022 रोजी हिमस्खलनात दोन डझनांहून जास्त गिर्यारोहक गेले. ते प्रशिक्षक आणि शिकाऊ गिर्यारोहक होते, हौशे-नवशे नव्हते, आणि हिवाळा सुरूही झाला नव्हता.

पातळ बर्फाखाली धोंडे आणि ओंडके झाकलेले असतात. आमच्यातल्या एकाचा पाय दोन धोंड्यांमधल्या पोकळीत गेला आणि घोटा सुजला. त्याला खाली आणता आणता अंधार पडला. तेव्हापासून आम्ही काठी टोचल्याशिवाय पाऊल टाकत नाही. सुती कपडे घरीच ठेवा, ओले झाले की ऊब जाते.

पैसे भरण्याआधी आयोजकाला तीन गोष्टींबद्दल नक्की विचारा: गाडलेल्याचा ठाव लावणारं ट्रान्सीव्हर, बर्फात खुपसून शोधायची लांब कांडी म्हणजे प्रोब आणि फावडं. माणूस गाडला गेला तर वाचण्याची आशा पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच जास्त असते. तेवढ्यात बाहेरून मदत येत नाही; उकरायचं सोबत्यांनीच. चंदीगडच्या डीजीआरई या संस्थेचा हिमस्खलन इशारा रोज बघा.

परतीचं तिकीट मात्र दोन दिवस हाताशी ठेवून काढा. रात्रभर बर्फ पडल्यावर वाटाड्या ‘आज नको’ म्हणाला, तर तंबूत थांबायला ते दिवस लागतात.