मोगऱ्याला फुलं हवी असतील तर माया आवरा

"झाड हिरवंगार आहे, पण फूल म्हणून नाही." मोगऱ्याबद्दलची ही तक्रार दर उन्हाळ्यात कानावर येते, आणि ती करणारी माणसं बहुतेक वेळा बागेवर जीव लावणारीच असतात. रोज न चुकता पाणी, जमेल तेव्हा खत, आणि फांदीला कात्री लावायची म्हटलं की हात आखडतो. घोडं तिथेच अडतं. मोगऱ्याच्या कळ्या नव्या फुटव्याच्या टोकाला येतात. जुन्या फांद्या जपत बसलं की झाड नुसती पानं वाढवतं. पाणी कधी तोडायचं आणि कात्री कधी चालवायची, एवढं जमलं तर बाकीचं फारसं अवघड नाही. पुढचं वेळापत्रक पुण्याच्या हवेचं आहे. तुमच्याकडे ते आठ-पंधरा दिवस इकडेतिकडे होईल.

१. रोप आणण्याआधी ऊन बघा

मोगऱ्याला रोज पाच-सहा तास थेट ऊन हवं. उजेड नव्हे, ऊन. यात दक्षिणेकडची बाल्कनी फार फसवते. जानेवारीत सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे ऊन पार खोलीत येतं आणि जागा अगदी योग्य वाटते. मार्चनंतर सूर्य वर चढत जातो. मेच्या मध्यावर पुण्यात भर दुपारी तो थेट डोक्यावर असतो आणि त्यानंतर जुलै संपत येईपर्यंत उत्तरेच्या बाजूला. डोक्यावर वरच्या मजल्याचा स्लॅब असेल तर ऐन बहरात तुमच्या कुंडीला ऊन मिळत नाही. पूर्वेची किंवा पश्चिमेची बाल्कनी बरी, गच्ची सगळ्यांत उत्तम. पश्चिमेच्या कडक उन्हाला आपण घाबरतो, मोगरा घाबरत नाही; फक्त पाणी जास्त मागतो.

२. रोप, कुंडी आणि माती

मार्च-एप्रिलमध्ये रोपवाटिकेत कळ्यांनी लगडलेली रोपं मांडलेली असतात आणि मोह होतोच. तरी शक्य असेल तर पावसाच्या सुरुवातीला, फुलं नसलेलं पण बुंध्यापासून तीन-चार फांद्या फुटलेलं रोप घ्यावं. बटमोगऱ्याची कळी गोल, टपोरी. मदनबाणाची लांबट, टोकदार. मला मदनबाण जास्त आवडतो, पण या विषयावर आमच्या घरातही एकमत नाही.

कुंडी बारा ते चौदा इंची, तळाला मोकळी भोकं असलेली. दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट आणि जाड वाळू मिळून, वर मूठभर निंबोळी पेंड. नुसती काळी माती कुंडीत चिकट होते आणि सुकली की भेगाळते.

रोप ज्या पिशवीत येतं तिच्यातली माती मात्र तपासून घ्या. पुष्कळदा ती लाल मातीचा विटेसारखा घट्ट गोळा असते. तसाच लावला तर पाणी गोळ्याच्या कडेने वाहून जातं आणि मुळं आत कोरडीच राहतात. रोप पिशवीसकट अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा, मग बाहेरची माती बोटांनी हलकी सैल करून लावा.

३. नोव्हेंबर संपता संपता: ताण

विदर्भातले संत्रा बागायतदार आंबिया बहरासाठी, म्हणजे आंब्याच्या मोहोराच्या सुमारास येणाऱ्या फुलांसाठी, डिसेंबर-जानेवारीत बागेचं पाणी तोडतात. यालाच ताण देणं म्हणतात. मोगऱ्याचं तंत्र त्याच जातीचं आहे. थंडी पडू लागली की पाणी कमी करत न्या, आणि डिसेंबरच्या सुरुवातीपासून दोन-तीन आठवडे जवळपास बंदच करा. वाढ थांबते, पानं पिवळी पडून गळू लागतात. हे व्हायलाच हवं. कुंडी लहान असेल आणि कोवळ्या फांद्या सुरकुतू लागल्या तर कपभर पाणी द्या, त्याहून जास्त नको. पहिल्या वर्षीच्या रोपाला मात्र असा ताण देऊ नका, त्याला आधी मुळं धरू द्या.

खरी अडचण झाडाची नसते, घरातल्या माणसांची असते. पेल्यात उरलेलं पाणी येता-जाता कुंडीत ओतणारं एखादं मायाळू माणूस प्रत्येक घरात असतं. कुंडीला चिठ्ठी लावून उपयोग होत नाही. कुंडीच उचलून त्यांच्या वाटेतून बाजूला ठेवावी, हा माझ्या घरी चाललेला एकमेव उपाय.

४. छाटणी

डिसेंबरचा शेवट ते जानेवारीचा मध्य ही छाटणीची वेळ. कात्री धारदार हवी. बोथट कात्रीने फांदी चेचते आणि तिथून वाळत जाते. आधी वाळलेल्या, काडीसारख्या बारीक आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या बुंध्यापासून काढा. उरलेल्या फांद्या अर्ध्यापर्यंत खाली आणा. झाड साधारण दीड फुटाचं राहिलं पाहिजे. काप डोळ्याच्या, म्हणजे फांदीवर जिथून नवा फुटवा निघतो त्या जागेच्या, जरा वर, आणि शक्यतो बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्यावर घ्या, म्हणजे फुटवे बाहेर पसरतात आणि मध्ये हवा खेळते. मग राहिलेली पानंही हाताने खुडून टाका.

आता कुंडीत फक्त काटक्या दिसतील. बघवत नाही, हे खरं. सोसायटीतलं कोणी ना कोणी "गेलं का हो झाड?" असं विचारणारच. विचारू द्या.

कुंडीत दोन-तीन वर्षं झाली असतील तर याच वेळी झाड बाहेर काढा, कडेने गुंडाळलेल्या मुळांचा थर कापा आणि नव्या मातीत लावा. नाही तर वरची दोन इंच माती खुरप्याने काढून तिथे दोन-तीन ओंजळी शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घाला.

५. पाणी पुन्हा सुरू करताना

खत घातल्यावर एकदा तळाच्या भोकांतून निथळेपर्यंत भरपूर पाणी द्या आणि मग थांबा. झाडावर पान नाही, म्हणजे पाणी उडून जायला वाटच नाही. या दिवसांत रोज पाणी घातलं तर मुळं कुजतात. बोट दोन पेरं आत घालून बघा, वाफसा आला असेल, म्हणजे ओल जाऊन माती नुसती दमट राहिली असेल, तरच पाणी. दोन-तीन आठवड्यांत डोळे फुगतात, लालसर हिरवे धुमारे निघतात. धुमारे बोटभर झाले की पाणी वाढवत न्या; एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या कुंडीला सकाळ-संध्याकाळ लागू शकतं.

खताच्या बाबतीत माझं मत जरा रोखठोक आहे. कांद्याच्या सालींचं पाणी, ताक, चहाचा चोथा यांच्यावर घरोघरी श्रद्धा आहे. यांनी झाड मरत नाही, पण बहरही त्यांच्यामुळे येत नाही. शेंगदाण्याची पेंड तीन-चार दिवस भिजवून, दहापट पाणी घालून, फुटवा निघाल्यावर दर पंधरा दिवसांनी दिली तर फरक दिसतो. वास उग्र येतो, पाहुणे यायच्या दिवशी देऊ नये. कळ्या धरल्यावर नत्राचा (नायट्रोजनचा) मारा, म्हणजे हे पेंडीचं पाणीही, थांबवा.

६. बहर आला की

छाटणीनंतर दोन-अडीच महिन्यांत, म्हणजे मार्चच्या आसपास कळ्या दिसतात. उमलायच्या दिवशी कळी सकाळीच पांढरी, टपोरी झालेली असते आणि संध्याकाळी फुलते. पालघर जिल्ह्यात विक्रमगड-जव्हारकडचे शेतकरी दादरच्या फूलबाजारासाठी पहाटे कळ्या खुडतात ते म्हणूनच. गजरा करायचा तर सकाळी खुडा, ओल्या फडक्यात ठेवा. वास घ्यायचा तर झाडावरच राहू द्या.

एका फांदीची फुलं संपली की ती टोकाकडून दोन-तीन डोळ्यांएवढी छाटा. हे बहुतेक जण करत नाहीत, आणि मग पहिल्या बहरानंतर झाड गप्प होतं. केलंत तर महिना-दीड महिन्यात पुन्हा कळ्या येतात.

मधल्या कुरबुरी

कळ्या न उमलता जांभळट पडत असतील, बारीक छिद्रं दिसत असतील तर ती कळी पोखरणारी अळी. अशा कळ्या तोडून नष्ट करा, झाडाखाली पडू देऊ नका. लिटरभर पाण्यात पाच मिलि निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण घालून, संध्याकाळी, आठवड्याच्या अंतराने फवारा. उन्हाळ्यात पानं निस्तेज, ठिपकेदार झाली तर पान उलटून बघा, लाल कोळी ही जेमतेम दिसणारी बारीक कीड असेल. त्याला पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा बऱ्याचदा पुरतो.

शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, असं नवं पान दिसलं तर लोहाची कमतरता. बोअरच्या जड पाण्यावरच्या कुंड्यांत हे हमखास होतं. लिटरला दोन-तीन ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवून पानांवर फवारा, संध्याकाळीच.

७. पावसाळा

पावसात फुलं थोडकी, पानंच जास्त. खत बंद, कुंडीखालच्या ताटल्या काढून ठेवा. नवी रोपं करायला हे दिवस चांगले. जमिनीलगतची लवचीक फांदी शेजारच्या छोट्या कुंडीत वाकवा, मातीत जाणाऱ्या भागाची साल थोडी खरवडा, वर माती आणि एक दगड ठेवा. टोक बाहेर राहू द्या. दीड-दोन महिन्यांनी हलकेच ओढून बघा. फांदी सहज येत नसेल तर मुळं फुटली. तेव्हा ती मूळ झाडापासून कापा, पण छोट्या कुंडीतून काढू नका. आठ-दहा दिवस सावलीत ठेवून नवं पान आलं की मग कुंडीसकट द्या ज्यांना द्यायचं त्यांना.