सायकलच्या चाकाच्या चाळीस तारा घरी करायच्या, तर आधी एवढं गोळा करा

जुनं चाक लगेच खोलू नका. माझी पहिली चूक हीच झाली. शनिवारी रात्री उत्साहात पक्कड घेऊन बसलो, गंजलेल्या चाळीसच्या चाळीस तारा तोडून टाकल्या, आणि रविवारी सकाळी एका हातात हब (चाकाचा मधला तुंबा), दुसऱ्या हातात रिम घेऊन आठवत बसलो की एक तार वाटेत किती तारांना ओलांडत होती. म्हणून यादीतली पहिली गोष्ट फुकटची आहे: मोबाईलवर चाकाचे दोन्ही बाजूंनी फोटो. मग एका तारेवर बोट ठेवायचं, हबपासून रिमपर्यंत न्यायचं, आडव्या आलेल्या तारा मोजायच्या. चार आल्या तर चार क्रॉस. वहीत लिहून ठेवा. तारा अशा तिरप्या लावायची पद्धत इंग्लंडच्या जेम्स स्टार्लीनं १८७४ मध्ये पेटंट केली. पायडलचा जोर हबमधून रिमला जातो तो या तिरकेपणामुळं, त्यामुळं क्रॉसचा आकडा अंदाजे टाकून चालत नाही.

सायकल वडिलांची. काळी, उभी, २८ इंची, पुढं ३२ आणि मागं ४० तारा. २०१९ च्या ऑगस्टात कोल्हापुरात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत पाणी शिरलं तेव्हा ती जिन्याखाली उभी होती आणि हॅंडलपर्यंत बुडाली. चिखल धुतला, साखळी बदलली, पण तारांच्या वाकात आणि निपलच्या (तारेचं टोक रिममध्ये आवळून धरणाऱ्या बारीक नळीच्या) आत बसलेला गंज हटला नाही. पुढं दर महिन्याला एक ‘टिंग’, एक तार तुटलेली. दुकानात गेलं की जवळच्या मापाची तार हातात मिळायची. लांब असली की निपलमधून वर येऊन ट्यूब फोडणार, आखूड असली की अर्ध्याच आट्यांवर लोंबणार. कंटाळलो.

तरी पुढच्या चाकाच्या तारा मी विकतच्याच घातल्या, तुम्हीही घाला. मागचं चाक फसलं तर सायकल डगडगते, थांबता येतं. पुढचं फसलं तर तोंडावर. हाताला विश्वास येईपर्यंत घरच्या तारा मागंच.

आता ‘तार करायची’ म्हणजे काय करायचं, ते ठरवा. तारेला दोन टोकं. एकाला डोकं आणि वाक, दुसऱ्याला आटे. जास्त लांबीच्या तयार तारा मिळत असतील तर त्या आणून कापायच्या आणि नवे आटे पाडायचे, एवढ्यावर भागतं. काम एका दिवसाचं. कोऱ्या तारेपासून डोक्यासकट करायची असेल तर आठवडा धरा आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवा. प्रामाणिकपणे विचाराल तर पहिला मार्गच शहाणपणाचा. मी दुसरा घेतला, कारण खाज.

माप. दोन जुन्या तारा बरोबर २०० मिमीवर कापा, निपल लावा, रिमच्या समोरासमोरच्या भोकांत घाला आणि मधलं अंतर व्हर्निअरनं घ्या. माझं २२० आलं, म्हणजे निपल बसतात तिथला व्यास ६२०. असं दोन-तीन ठिकाणी करा, पुरात राहिलेली रिम गोल असेलच असं नाही. मग हबच्या कडेवरच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास (माझा ५८) आणि हबच्या मध्यापासून त्या कडेपर्यंतचं अंतर (डावीकडं ३४). गणित दहावीचंच आहे: दोन्ही व्यास निम्मे करा, मग ३१० चा वर्ग, २९ चा वर्ग आणि ३४ चा वर्ग यांची बेरीज करा. त्यातून दोन गुणिले ३१० गुणिले २९ गुणिले क्रॉसच्या कोनाचा कोसाइन वजा करा. एका कडेवर वीस भोकं, म्हणजे प्रत्येकी १८ अंश, चार क्रॉसचे ७२. वर्गमूळ ३०४.२ येतं. त्यातून हबच्या भोकाचा अर्धा व्यास, १.२ मिमी, काढला की ३०३. फ्रीव्हीलकडचं अंतर ३० होतं, तिथं उत्तर अर्ध्या मिलिमीटरनं कमी आलं. एका गिअरच्या सायकलीचा हा फायदा, दोन्ही बाजूंना एकच माप चालतं. गिअरच्या सायकलीला दोन्ही बाजू वेगळ्या मोजाव्याच लागतील. ही लांबी वाकाच्या आतल्या कडेपासून आट्यांच्या टोकापर्यंतची, डोक्यापासूनची नव्हे. हे मी वहीत लाल पेननं लिहिलंय.

तारेसाठी लक्ष्मीपुरीत हार्डवेअरच्या दुकानांतून फिरलो. मागायची ती २ मिमीची, ३०४ ग्रेडची, कडक ओढलेली स्टेनलेस तार, सरळ कांड्यांमध्ये. गुंडाळी घेऊ नका. कडक तार एकदा गोल झाली की घरी सरळ करताना जीव जातो, आणि वाकडी तार चाकात कधीच एका सुरात ताणली जात नाही. पहिल्यांदा मी टिग वेल्डिंगच्या फिलर रॉड आणल्या होत्या. माप २ मिमी, लांबी एक मीटर, दिसायला चकचकीत, सगळं जुळत होतं. माझ्या वाट्याला आलेल्या मऊ निघाल्या. ताण दिला की दोन दिवसांत सैल, पुन्हा निपलची चावी फिरवायची, पुन्हा सैल. दुकानात करायची एक साधी चाचणी: खिशात लोहचुंबक ठेवा. मऊ ३०४ ला चुंबक चिकटत नाही, थंड ओढून कडक केलेल्या ३०४ ला किंचित ओढ लागते. खाडकन चिकटला तर ते साधं लोखंड. दुसरी चाचणी हाताची, वाकवून सोडायची. बांधकामाच्या तारेसारखी तशीच राहिली तर परत ठेवा. उलट टोकाला स्प्रिंगची तारही नको, ती डोकं उठवताना तडकते आणि आटे पाडायच्या हत्याराचा जीव घेते.

मऊ तारच मिळाली तर ती जंतरातून (तार बारीक करायच्या, लहान होत जाणाऱ्या भोकांच्या पट्टीतून) ओढून कडक करता येईल, असंही डोक्यात आलं होतं. २.३ ची तार २ मिमीवर आणली की छेद जवळपास चोवीस टक्क्यांनी घटतो आणि तार चांगली कडक होते. हुपरीचा एक मित्र चांदीच्या कामातला. त्याच्याकडं जंतर मागितलं तर त्यानं हात जोडले. “चांदीचं जंतर हाय ते. तुझं स्टेनलेस त्यातनं ओढलं तर पैंजण कशानं करू?” विषय संपला.

किती आणायची? चाळीस तारांसाठी चव्वेचाळीस तरी धरा, चार बिघडणारच. डोक्याला आणि वाकाला धरून प्रत्येक तुकडा ३१५ मिमी. एक मीटरच्या कांडीत तीन बसतात, म्हणून पंधरा कांड्या, पंचेचाळीस तुकडे. वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. दुकानदार अर्धा किलो घ्या म्हणाला तर भांडू नका.

डोकं उठवायला साचा लागतो आणि तो बाहेरून करून घ्यावा लागतो, म्हणून हे काम सगळ्यात आधी देऊन टाका. जाड पोलादी पट्टीचे दोन तुकडे, मध्ये एक साधा कागद, दोन्ही वाइसमध्ये (टेबलाच्या पकडीत) घट्ट, आणि बरोबर सांध्यावर २ मिमीचं भोक. नंतर कागद काढला की तेवढ्या फटीमुळं दोन्ही अर्धे तारेला दाताने धरल्यासारखे धरतात. शिवाजी उद्यमनगरात हे पाच मिनिटांचं काम आहे. फक्त त्या पाच मिनिटांसाठी दोन दिवस ‘उद्या या’ ऐकायची तयारी ठेवा. साच्याच्या वर तार किती सोडायची याचा कारखान्यातला ठोकताळा आहे: एका ठोक्यात डोकं करायचं तर व्यासाच्या सव्वादोन पट, म्हणजे साडेचार मिमी. जास्त सोडली तर ती दबायच्या ऐवजी आडवी झोपते. माझ्या पहिल्या पाच-सहा तारांची डोकी मुंडावळ्या बांधल्यासारखी एका बाजूला कललेली होती. हातोडी हलकी नको. अर्ध्या किलोची घ्या, आणि ठोका सरळ, तारेच्या रेषेतच. खाली वाइस मजबूत टेबलाला बोल्टनं बसवलेला हवा. आमच्याकडं आधी तो जेवणाच्या जुन्या टेबलाला होता. त्यावर फार बोलत नाही.

वाकासाठी हबच्या कडेइतक्याच जाडीची पट्टी, तिला २.४ चं भोक, आणि भोकाची कड गोल कानशीनं मारून गुळगुळीत केलेली. तार भोकातून ओढून डोकं टेकवायचं आणि कडेवरून वाकवायची, काटकोनापेक्षा किंचित उघडी. कड धारदार राहिली तर वाकाच्या आत नखाला लागेल एवढी खाच पडते, आणि तार तुटते ती तिथंच. चाकाचा घेर साधारण २.२ मीटर, म्हणजे एका किलोमीटरला साडेचारशे फेरे. प्रत्येक फेऱ्यात तार खाली आली की सैलावते, वर गेली की पुन्हा ताणते. रोज वीस किलोमीटर धरा, नऊ हजार वेळा त्या खाचेला कुणीतरी ओरबाडतंय. डोकं आणि हबची कड यांत फट राहत असेल तर पितळेचे बारीक वायसर आणून ठेवा. जुन्या पत्र्याच्या हबना ते बहुतेक लागतातच.

आता आटे. सगळ्या यादीत जीव इथं आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी सायकलवाले मामा बसतात. त्यांना विचारलं, आटे कापायची २ मिमीची डाय कुठं मिळेल? त्यांनी पान थुंकलं आणि म्हणाले, “अरं मर्दा, आटं काटायचं न्हाई. दाबून उठवायचं.” मग जुनी तार हातात दिली आणि व्हर्निअर लावायला लावला. मधे २.०, आट्यांवर सव्वादोनच्या जवळ. आट्यांचं टोक तारेपेक्षा जाड! इतकी वर्षं सायकल चालवली, हे कधी बघितलं नव्हतं. तारेचे आटे कापलेले नसतात. तीन कडक रोलरमध्ये तार फिरते, खोबणीतलं धातू दबतं आणि बाजूला वर उठतं. इंचाला ५६ आटे. डायनं कापले तर टोक २ मिमीचंच राहतं आणि निपलमध्ये आट्यांचा शेंडाच तेवढा अडकतो. गाभा बारीक होतो तो वेगळाच, आणि आट्याच्या तळाला धारदार खाच पडते. तेव्हा डाय विकत घेऊच नका. रोलरचं हातानं फिरवायचं हत्यार असलेला माणूस शोधा. गावात एखादा असतोच, आणि तो ते कुलपात ठेवतो.

मामांनी दिलं, पण अटीवर. आधी तारेचा तुकडा आणून दाखवायचा, स्प्रिंगची नाही ना हे बघायला. दर तारेला तेलाचा थेंब. दोन दिवसांत परत. म्हणून हत्यार आणायच्या आधी बाकी सगळं झालेलं असू द्या: पंचेचाळीस डोकी, पंचेचाळीस वाक, आणि सगळ्या तारा एकाच मापावर कापलेल्या. कापायला लाकडी पट्टीवर खिळा ठोका, वाक खिळ्यात अडकवा आणि ३०३ वर दुसरी खूण. प्रत्येक वेळी टेप लावलात तर पंचेचाळीस तारांची पंचेचाळीस मापं होतील. टोकाची बर (कापताना उठलेली धारदार कड) कानशीनं काढून किंचित निमुळतं करा, नाहीतर रोलर धरतच नाहीत. आटे १० मिमी पुरतात. पहिली तार झाली की नवीन निपल बोटांनीच फिरवून बघा. मऊ लोण्यासारखा गेला पाहिजे, पण डुगडुगता कामा नये. अडला तर रोलर थोडे जवळ आलेत, डुगडुगला तर लांब आहेत. जुळलं की बाकीच्या चव्वेचाळीस एका बैठकीत करा, मध्ये पेचाला हात लावू नका.

निपल नवेच, पितळेचे, १२ मिमीचे, चाळीसच्या जागी पन्नास. पुरातले जुने वापरायचा मोह टाळा. चावी निपलवर घट्ट बसणारी हवी, घसरणारी चावी निपलचे कोपरे खाते. शिवाय डोळ्यांना चष्मा. कापलेला तारेचा तुकडा भिंतीला लागून परत येतो, माझ्या कानाजवळून गेलाय. ड्रिल चालवताना हातमोजे मात्र काढून ठेवा.

चाक भरायच्या आधी चार तारांची परीक्षा घ्या. वर्कशॉपच्या तुळईला जाड साखळीनं जुना हब टांगा, एक तार त्यात अडकवा, खाली निपलला पट्टी आणि तिला आडवी पाइप. मी आणि धाकटा भाऊ दोघं पाइपला लोंबकळलो. मिळून एकशेतीस किलो, जमिनीपासून वीतभर वर, खाली गादी. मागच्या चाकात तारेला साधारण शंभर किलोचा ताण असतो आणि चांगल्या ओढीव २ मिमी तारेला तुटायला तीनशेच्या वर लागतात, त्यामुळं ही परीक्षा पास व्हायलाच हवी. उतरल्यावर भिंगानं वाक आणि डोक्याखालची गळ्याची जागा बघा. तीन ठीक निघाल्या. चौथीचं डोकं एका कडेनं उलत होतं, ती कललेल्यांपैकीच. त्या साऱ्या कललेल्या बाजूला काढल्या आणि नवीन केल्या, म्हणून दोन कांड्या जास्त लागल्या.

वाजवायची पेटी (हार्मोनियम) घरात असेल तर तीही जवळ आणून ठेवा. मोकळी ३०३ मिमीची तार शंभर किलोच्या ताणावर छेडली तर ३३० हर्ट्झच्या जवळपास वाजते, म्हणजे मधल्या सप्तकातली पांढरी तीन. चाकात तारा एकमेकींना टेकतात, त्यामुळं सूर चढा लागतो. तिथं आकड्याच्या मागं न लागता एका बाजूच्या वीस तारा एका सुरात आहेत का एवढंच ऐका. आईनं विचारलं, सायकल दुरुस्त करतोयस की सूर लावतोयस? दोन्ही.

एवढं सगळं टेबलावर आलं की तारा डावी-उजवी अशा दोन गड्ड्यांत रबर लावून ठेवा, आट्यांना ग्रीसचं बोट फिरवा, आणि मामांचं हत्यार पुसून, तेल लावून परत करा. मी दोन दिवसांच्या जागी चार दिवस ठेवलं. आता पुढच्या वेळी मागायला धाकट्याला पाठवावं लागणार आहे.